कोरडा प्लग

सांगली परिसरातील एक निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांच्या पत्नी ऑक्टोबर महिन्यात इटलीला गेले होते. त्यांचा एकुलता मुलगा तुरीन येथे अभियंता आहे. दोन वर्षांत परतेन असे सांगून गेलेला मुलगा पाच वर्षे झाली तरी परतला नव्हता. त्याचे कारण मुख्याध्यापकांनी मनोमन ठरवून टाकले होते. एके दिवशी सायंकाळच्या भोजनाला बसले असता ते मुलाला म्हणाले, “तुला घर नकोसे झाले आहे, एवढेच खरे.” मुलगा काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आईवडिलांना तोस्काना प्रांताकडे जाणाऱ्या रेल्वेत बसवून दिले. सहलीची सारी व्यवस्था त्यानेच केली होती, आणि तीत वडिलांसाठी एक खास भेट होती : दोन दिवसांसाठी भाड्याने घेतलेली १९६० च्या दशकातील वेस्पा स्प्रिंट.

ही भेट उगाच निवडलेली नव्हती. मुख्याध्यापकांनी १९८१ साली, कित्येक वर्षे नंबर लागण्याची वाट पाहून, बजाज चेतक घेतली होती. पुण्याजवळ आकुर्डीला बजाजने प्रथम वेस्पा बनवली ती इटलीच्या पियाज्जो कंपनीच्या परवान्याने. तो परवाना संपल्यावर १९७२ साली आलेली चेतक वेस्पा स्प्रिंटच्याच घडणीवर बेतलेली होती. म्हणजे घरच्या चेतकची ही थोरली बहीणच. इटालियन भाषेत ‘वेस्पा’ म्हणजे गांधीलमाशी. १९४६ साली तिची रचना करणारे कोर्रादिनो दास्कानिओ हे मुळात विमानविद्येचे अभियंते. विमानाच्या चाकाप्रमाणे त्यांनी पुढचे चाक एकाच बाजूने धरले. त्यामुळे पंक्चर झाले असता ते मोटारीच्या चाकासारखे झटकन काढता येते.

पोंतेदेरा येथील पियाज्जोचे संग्रहालय पाहून दुपारी दोघे वोल्तेर्राकडे निघाले. ५०० मीटरहून अधिक उंचीवर वसलेले ते प्राचीन नगर. वाटेत नांगरून टाकलेली मातीची शेते, सुरूच्या झाडांच्या रांगा आणि चढणीची वळणे. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गाळलेल्या पाण्याची बाटली होती. दोघांचेही रात्रिभोजनत्यागाचे व्रत आहे. सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास होता आणि त्याआधी वोल्तेर्राला पोहोचून शांतपणे जेवावे, असा बेत होता.

साडेचारच्या सुमारास स्कूटर दोन-तीन आचके देऊन थांबली. मुख्याध्यापकांनी ती रस्त्याच्या कडेला घेतली, उजव्या बाजूचे पॅनल काढले आणि निर्णय देऊन टाकला : “प्लग गेला.” जुन्या टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेले असते. त्यामुळे प्लगवर काजळी धरते, हे खरेच आहे. त्यांनी जुना प्लग काढून न पाहताच खिशात टाकला आणि नवा बसवला. तीन किका, आणि गाडी सुरू झाली! ऐन तारुण्यातील चेतकस्वार त्यांच्या चेहऱ्यावर परतला.

दोन किलोमीटर गेल्यावर तेच आचके आणि तीच निस्तब्धता.

“हाही प्लग वाईट निघाला,” ते म्हणाले. पत्नी म्हणाल्या, “अहो, ती एकदम बंद पडत नाही. तहान लागल्यासारखी हळूहळू थांबते.” त्यांनी ते ऐकले, पण कानाआड केले. शेवटचा प्लग बसला. गाडी पुन्हा सुरू झाली आणि दीडएक किलोमीटरवर पुन्हा थांबली. साडेपाच वाजले होते. प्लग संपले होते. मोबाइलला रेंज नव्हती. मुख्याध्यापक आता स्कूटर भाड्याने देणाऱ्याला बोल लावू लागले होते.

तेवढ्यात एक वृद्ध शेतकरी आपली तीनचाकी घेऊन आला. ती ‘आपे’ पाहून या संकटातही दोघांना हसू आले. बारामतीच्या कारखान्यातून निघून महाराष्ट्रभर फिरणारी आपे ती हीच, पियाज्जोचीच. इटालियनमध्ये ‘आपे’ म्हणजे मधमाशी. भाषा एकमेकांना कळत नव्हती. म्हाताऱ्याने हाताने खूण करून किक मारायला सांगितले आणि कान देऊन ऐकले. मग प्लग काढला आणि त्याच्या टोकावर अंगठा फिरवून तो मुख्याध्यापकांपुढे धरला. अंगठा कोरडा होता.

ज्या प्लगला ठिणगी मिळत नाही तो वारंवार किक मारल्यावर पेट्रोलने ओला होतो. कोरडा प्लग सांगतो की पेट्रोलच पोहोचत नाही. ही साक्ष पहिल्या थांब्यापासून मुख्याध्यापकांच्या खिशात पडून होती.

म्हाताऱ्याने सीट उचलून टाकीचे झाकण सैल केले, तोच हवा आत ओढली गेल्याचा बारीक सुस्कारा ऐकू आला. पेट्रोल खाली उतरते तशी त्याची जागा घेण्यास टाकीत हवा यावी लागते. त्यासाठी झाकणाला एक सूक्ष्म छिद्र असते. ते मळाने बुजले होते. आत पोकळी निर्माण होऊन पेट्रोल अडत होते. प्लग बदलण्यात दहा-पंधरा मिनिटे जात, तेवढ्यात फटीफटीतून थोडी हवा आत शिरे आणि गाडी सुरू होई. त्याचे श्रेय मात्र प्लगला मिळे. म्हाताऱ्याने जुन्या क्लच वायरचा एक तंतू घेऊन छिद्र मोकळे केले. दुसऱ्या किकला इंजिन सुरू झाले. पैसे त्याने घेतले नाहीत. दशमी मात्र घेतली, आणि तिथेच उभ्याने खाल्ली.

सूर्य टेकड्यांवर उतरला होता. वोल्तेर्रा गाठण्याइतका वेळ उरला नव्हता. दोघांनी रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर बसून सूर्यास्तापूर्वी भोजन उरकले.

जैन न्यायशास्त्रात ‘नय’ आणि ‘दुर्नय’ असा भेद केलेला आहे. वस्तूच्या अनेक बाजूंपैकी एक बाजू सांगणे हा नय. तो खोटा नसतो. पण तीच एक बाजू खरी, इतर नाहीतच, असा हट्ट धरला की नयाचा दुर्नय होतो. आचार्य सिद्धसेन दिवाकरांनी ‘सन्मतितर्क’ या ग्रंथात नयांचा सखोल विचार केला आहे. प्लगवर काजळी धरते, हा नय होता. प्लगच गेला, हा दुर्नय. गंमत अशी की दुर्नयालाही पुरावे मिळत राहतात. प्लग बदलला की गाडी खरोखरच सुरू होत होती! म्हणूनच तो ओळखणे अवघड असते. अनेकान्त हा केवळ वादसभेचा विषय नाही. पॅनल उघडण्यापूर्वी ऐकणे, बदलण्यापूर्वी पाहणे आणि शेजारी बसलेल्या माणसाला काय दिसले ते विचारणे, हेही अनेकान्ताचेच आचरण आहे.

ही गोष्ट मुख्याध्यापकांना कठड्यावर बसल्या बसल्याच उमगली असावी. “तू तहानेचे म्हणालीस, तेच बरोबर होते,” ते पत्नीला म्हणाले. नंतर बराच वेळ ते गप्प होते.

रात्री वोल्तेर्राच्या खोलीतून त्यांनी मुलाला फोन लावला. मुलाने घाईघाईने विचारले, “बाबा, गाडीने त्रास दिला का?” त्यांनी सारी हकिकत सांगितली, स्वतःची चूकही सांगितली. मग क्षणभर थांबून म्हणाले, “तू परत का येत नाहीस याचे कारण मी पाच वर्षे तुला न विचारताच ठरवून बसलो होतो. आज सांग. मी मध्ये बोलणार नाही.”

पलीकडे बराच वेळ शांतता होती. नंतर मुलगा बोलू लागला. कर्जाचे बोलला, मध्ये सुटलेल्या नोकरीचे बोलला, आणि ते घरी कळू नये म्हणून केलेल्या धडपडीचेही. मुख्याध्यापकांनी दिलेला शब्द पाळला. फोन संपला तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते.