उलट दिशेचा निरोप

एक चेतापेशी बोलते व दुसरी निमूटपणे ऐकते, ही समजूत शरीरशास्त्राच्या दफ्तरी दीर्घकाळ कायम होती. परंतु ऐकणारी पेशी उद्दीपित होताच स्वतःकडे येणारे शामक संदेश काही सेकंदांपुरते रोखून धरते, हे 1990 च्या दशकारंभी अनुमस्तिष्कात दिसून आले, तेव्हा हा उलट निरोप नेतो तरी कोण, असा प्रश्न उभा राहिला. उत्तर 2001 साली मिळाले. पेशीत शिरलेल्या कॅल्शियममुळे तिच्याच आवरणातील स्निग्ध द्रव्यापासून एक रेणू निर्माण होतो; तो संपर्कस्थानातील सुमारे 20 नॅनोमीटरांची फट उलट ओलांडतो, आणि बोलणाऱ्या तंतूच्या टोकाशी तैनात असलेल्या सीबी-1 नामक ग्राहीला बिलगताच तेथील कॅल्शियमची द्वारे मिटू लागून 'गाबा' या शामक द्रव्याची रवानगी मंदावते. भांगेचा अंमल चढतो तोही याच ग्राहीमार्फत! हा मनाईहुकूम मिनिटभरात आपोआप उठतो. चिरस्थायी स्मृतीचे कौतुक सर्वत्र होते. आम्हांला मात्र या क्षणजीवी नियमनाविषयी अधिक ममत्व वाटते, म्हणूनच या अंकाची पहिली पाने त्याच्या हवाली केली आहेत.