गोव्यातला 'विजय' कोणाचा?

१९६१ च्या डिसेंबरात भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला. त्या मोहिमेचे लष्करी नाव 'ऑपरेशन विजय'. लिस्बनने तिला आक्रमण म्हटले. आपण तिला काय म्हणावे, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

नाव ठेवणाराच गोष्ट कोठून सुरू करायची ते ठरवतो. १९४७ व १९४८ साली डच सैन्य इंडोनेशियाच्या प्रजासत्ताकावर चालून गेले, तेव्हा डचांनी त्याला 'पोलीस कारवाई' म्हटले. जणू आपल्याच घरातला दंगा मोडायला निघाले होते! पण १९४८ च्या हैदराबाद मोहिमेला आपणही तेच नाव दिले. रणगाडे घेऊन निघालेले पोलीस कोणी पाहिले आहेत काय?

मला 'गोवा मुक्तिसंग्राम' हेच नाव योग्य वाटते. 'ऑपरेशन विजय' हे त्यातल्या शेवटच्या प्रकरणाचे शीर्षक असावे. (१९९९ साली कारगिलच्या मोहिमेलाही तेच नाव दिले गेले.) जवानांचे मोल यात कमी होत नाही, तेही तेथे धारातीर्थी पडले. पण नुसते 'विजय' म्हटले की गोष्ट १७ डिसेंबरच्या रात्री सुरू होते आणि १९ तारखेला संपते. मग १८ जून १९४६ रोजी मडगावात लोहियांनी केलेला कायदेभंग कोठे बसवायचा? १५ ऑगस्ट १९५५ ला पोर्तुगिजांच्या गोळ्यांना बळी पडलेले निःशस्त्र सत्याग्रही कोणत्या मोहिमेतले? आणि तेव्हाच्या आपल्या ठाणे जिल्ह्याला लागून असलेले दादरा-नगरहवेली १९५४ सालीच मुक्त करणाऱ्या स्वयंसेवकांत संगीतकार सुधीर फडके होते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?