साथीची पहिली खबर कोण देणार?

२०२२च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात लम्पी चर्मरोगाची जनावरे सापडली आणि पाहता पाहता ही साथ राज्यभर फिरली. सप्टेंबरात शासनाने संपूर्ण राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर केले, गुरांचे बाजार बंद केले, लसीकरण मोफत केले. हे योग्यच झाले. परंतु त्या पावसाळ्यात बिरवाडीच्या आसपासच्या वाड्यांतून फिरताना आम्ही जे पाहिले, ते कोणत्याही सरकारी तक्त्यात आले नाही.

एका कुणबी आजींच्या गोठ्यात एकच गावठी गाय होती. तिच्या अंगावर गाठी उठल्या, ताप चढला, तिने चारा सोडला. आजींनी चार दिवस ही गोष्ट कुणाला कळू दिली नाही. का, असे आम्ही विचारले तर म्हणाल्या, "सांगितलं असतं तर दूध कुणी घेतलं असतं? अन् गायच नेली असती तर मी काय करायचं होतं?" गाय मेली, तेव्हा गावातून बौद्धवाडीत निरोप गेला : चार पोरे पाठवा, ढोर ओढायचे आहे. पोरांनी साफ नकार दिला. दोन दिवस ढोर तसेच पडून राहिले आणि तिसऱ्या रात्री कुणीतरी ते ओढ्यात लोटून दिले. खालच्या वाड्यांची गुरे त्याच ओढ्यावर पाणी पितात.

या प्रकरणात चूक कुणाची? आजींची म्हणाल तर त्यांच्या पोटाचा प्रश्न होता. पोरांची तर अजिबात नाही. चूक त्या व्यवस्थेची आहे, जी साथीची खबर गरिबाकडून फुकट मागते आणि साथीची घाण एका जातीने उचलावी अशी आजही अपेक्षा धरते.

कायदा काय सांगतो ते पाहू. प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंधाचा व नियंत्रणाचा केंद्रीय कायदा २००९ साली झाला. त्याच्या कलम ४ प्रमाणे रोगाचा संशय येताच खबर देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. गावपातळीवरील अधिकाऱ्याने ती पशुवैद्यकापर्यंत पोहोचवायची आहे. रोगट जनावराचे शव नदी-नाल्यात टाकणे हा याच कायद्याने गुन्हा आहे. कागदावर सर्व काही आहे. परंतु पहिल्या गुन्ह्याला हजार-दोन हजारांचा दंड, या धाकाने कुणी आपला गोठा उघडून दाखवील काय? माणूस गोठा उघडतो तो भरपाईची खात्री असेल तर. शासनाने लम्पीत मेलेल्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार रुपये जाहीर केले होते. हे आकडे आजींना आधी कुणी सांगितले असते, तर पहिल्याच दिवशी खबर मिळाली असती, शेजारच्या गोठ्यांना लस मिळाली असती आणि गोचीड, डास, माश्यांचा बंदोबस्त वेळेत झाला असता.

आता १ जून २०२४पासून राज्यात जनावरांच्या कानात बिल्ला असणे सक्तीचे झाले आहे. बारा आकडी क्रमांकावरून जनावर कुठले, कुठे विकले, लस कधी टोचली हे कळते. माग काढण्यासाठी हे उत्तम साधन आहे. पण ज्या वाडीत डॉक्टरच पोहोचत नाही तिथे बिल्ला कसा पोहोचणार? आणि बिल्ला नाही म्हणून उद्या भरपाई नाकारली, तर शिक्षा पुन्हा गरिबालाच.

आता ढोर ओढण्याचा निरोप. ज्या महाडच्या भूमीत १९ आणि २० मार्च १९२७ रोजी परिषद भरली, तिथेच बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मृतमांस व मेलेली ढोरे ओढण्याचे काम सोडण्याचा आदेश दिला. ज्या तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, त्या तळ्यावर माणसांना पाणी घेऊ दिले जात नव्हते. त्या काळी गावात रोग शिरला हे सर्वात आधी ढोरे ओढणाऱ्यालाच कळत असे आणि लागणीचा पहिला धोकाही त्यालाच असे. फाशी रोगाने मेलेले जनावर फाडणाऱ्याच्या हातावर काळपुळी उठे. तरी त्याचे ज्ञान कुणी विचारले नाही. उलट इंग्रजी अमदानीत उत्तर हिंदुस्थानात गुरे मेली की कातड्यासाठी विष घातल्याचा आळ चर्मकारांवर येई.

आज कायदा आमच्या बाजूने आहे. नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ७-अ अन्वये अस्पृश्यतेच्या कारणावरून मेलेले ढोर उचलायला लावणे हा गुन्हा आहे. २०१५च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला जनावराचे शव उचलायला लावणे हा ॲट्रॉसिटी कायद्याखालीही गुन्हा आहे. मग शव उचलायचे कुणी? ग्रामपंचायतीने, यंत्राने, खोल खड्ड्यात, चुना टाकून आणि हातमोजे घातलेल्या पगारी माणसाने. फाशीचे जंतू मातीत वर्षानुवर्षे टिकतात. म्हणून रोग तपासल्याशिवाय शव फाडता कामा नये आणि पाण्यात तर मुळीच टाकता कामा नये.

हे अशक्य नाही. बुळकांडीने कधीकाळी गावेच्या गावे ओस पाडली. त्या काळात, १८८९ साली, पुण्यात जनावरांच्या रोगांची प्रयोगशाळा निघाली, जी पुढे मुक्तेश्वरला गेली. देशात बुळकांडीची शेवटची लागण १९९५ साली झाली आणि २०११ मध्ये जग तिच्यापासून मुक्त झाले. हे लसीने झाले, तसेच गावोगाव जाऊन गुरेवाल्यांना विचारत केलेल्या शोधानेही झाले. आपल्याच रायगड जिल्ह्यात उरण तालुक्यातील चिरनेरला जानेवारी २०२५ मध्ये बर्ड फ्लू आढळला, तोही लोकांच्या कोंबड्या मरू लागल्यावरच कळला. म्हणजे पहिली खबर अजूनही दारातूनच येते.

म्हणून आमच्या कार्यकर्त्यांना विनंती आहे. येत्या ग्रामसभेत तीन ठराव मांडा : आजारी जनावरांची नोंदवही ग्रामपंचायतीत ठेवावी, भरपाईचे दर आणि डॉक्टरांचा क्रमांक वाडीवाडीत फलकावर लावावा, शव पुरण्याची जागा व यंत्र पंचायतीने ठरवावे. आणि ढोर ओढण्याचा निरोप पुन्हा आला, तर नकार तोंडी देऊन थांबू नका. निरोप कुणी, कधी दिला ते लिहून ठेवा आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्या. कुणबी आजींनाही सोबत घ्या, कारण त्यांची गाय वाचली तर आपल्या वाडीतली शेळीही वाचेल.

जयभीम.