गवताला पडीक म्हणू नका



गावच्या गायरानाला सरकारी दप्तरात ‘पडीक’ म्हणतात. एकदा पडीक म्हटले की तिथे चर खोदता येतात, गिरिपुष्प लावून वृक्षारोपणाचा आकडा भरता येतो. आमचा विरोध या शब्दालाच आहे.

हा शब्द किती महाग पडतो ते अमेरिकेने भोगले आहे. तिथल्या मधल्या राज्यांत प्रेरी नावाचे अफाट माळरान होते. पहिल्या महायुद्धात गव्हाला भाव आला, ट्रॅक्टर आले, माळ उलथला. १९३० नंतर पावसाने दगा दिला. माती धरायला मुळ्याच उरल्या नव्हत्या. धुळीची वादळे उठली आणि लाखो माणसांनी ती राज्ये सोडली.

त्याच दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठाने मॅडिसन येथे जुन्या शेतजमिनीवर प्रेरी पुन्हा लावायला घेतली. त्याच मुलखात उरलेल्या माळावरचे बी आणि ठोंब आणले. आज तिकडे लोक अंगणातही ही गवते लावतात, कारण एकदा रुजली की ती फारसे पाणी मागत नाहीत.

तिथले मुख्य गवत बिग ब्लूस्टेम. ते, आपली ज्वारी, मारवेल, पवन्या, कुसळी, सगळी एकाच कुळीची. पण कुळी एक असली तरी जागा ज्याची त्याची. आपला मारवेल टेक्सासात नेला, तर तिथे तो स्थानिक गवताला हटवणारे तण ठरला. तसेच मेक्सिको, मध्य अमेरिकेकडचे गिरिपुष्प आपल्या माळावर.

झाड नकोच असे आम्ही म्हणत नाही. गिरिपुष्प बांधावर लावा, पाला कपाशीत टाका. पण ज्वारी मोडून कपाशी आली, कडबा गेला; पऱ्हाटीवर बैल जगत नाही. गायरानावर गवतच हवे.

काम सोपे आहे. दोन पावसाळे चराई बंद. चारा कापून न्यायचा. मृगाच्या पावसावर मारवेलचे ठोंब लावायचे. पावसाळा सरता पवन्याचे बी पिकले की गोळा करायचे. कुसळी निसवण्याआधी कापायची, नाहीतर कुसळे जनावरांच्या तोंडात रुततात.

जिल्हा बैठकीत प्रत्येक गावाने एकच ठराव आणावा: ग्रामसभेला विचारल्याशिवाय गायरानात कुदळ पडणार नाही आणि आमचे गवत पडीक म्हणून कुठल्याही कागदावर लिहिले जाणार नाही.