ग्रंथातले घर आणि पाठीवरचे बिऱ्हाड

‘स्थलांतराच्या युगात ग्रंथ हेच माणसाचे घर’ हे विधान समीक्षेत आता सुभाषितासारखे वापरले जाते. हाइनेने बायबलला ज्यूंची बरोबर नेता येणारी मायभूमी म्हटले. जॉर्ज स्टायनरने १९८५ च्या निबंधात संहितेलाच मातृभूमी मानले. एका विशिष्ट ग्रंथनिष्ठ परंपरेतील ही उद्गारवचने सार्वत्रिक सिद्धान्त म्हणून स्वीकारली जातात. अडोर्नोचाही दाखला हमखास दिला जातो, मात्र अर्धाच. मायदेश गमावलेल्याला लेखन हे राहण्याचे ठिकाण होते, असे ‘मिनिमा मोरालिया’त (१९५१) म्हणणारा अडोर्नो तेथेच अखेरीस, लेखकाला स्वतःच्या लेखनातही राहण्याची मुभा नाही, असे बजावतो. हा उत्तरार्ध गाळला की निर्वासिताचे दुःख अभिजनांचा अलंकार बनते. निर्वासनाच्या अशा उदात्तीकरणाविरुद्ध एडवर्ड सैद यांनी १९८४ मध्येच इशारा दिला होता.

हा सिद्धान्त मराठीत आणणाऱ्यांनी एका साध्या प्रश्नाचे उत्तर द्यावयास हवे. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या फिरतीवर गेल्या, त्यांच्या हाती ग्रंथ होता काय? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली नोंदल्या गेलेल्यांच्या वाट्याला आलेले पुस्तक म्हणजे पोलिसांचे हजेरीपुस्तक. लिखित शब्दाने त्यांना घर दिले नाही. त्यांनी कोठे राहावे आणि कोणाच्या परवानगीने हलावे, हे ठरविले. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला. शिक्का मात्र पुसला गेला नाही.

लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) या पार्श्वभूमीवर वाचावे लागतात. ‘उपरा’मधील कैकाडी कुटुंबाचे बिऱ्हाड गाढवांच्या पाठीवर आहे. शाळा एका गावी आणि पोट गावोगावी, हा त्यातील मूलभूत पेच आहे. अक्षरओळख एका जागी थांबण्याची अट घालते. आणि ती अट पाळणारा मुलगा पुढे गावालाही परका आणि जातपंचायतीलाही परका ठरतो. म्हणजे पुस्तक येथे हरवलेल्या घराची भरपाई करीत नाही. उपरेपणाचे ते एक कारण होते. ‘उचल्या’ तर बाहेरून चिकटविलेला शिक्काच शीर्षकस्थानी ठेवते. हे नोंदवहीला दिलेले प्रत्युत्तर आहे, स्मरणरंजन नव्हे.

यावर कोणी म्हणेल की, दोन्ही कृतींना अनुक्रमे १९८१ व १९८८ मध्ये साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले. साहित्यात त्यांना घर मिळाले. हा युक्तिवाद लेखकाच्या प्रतिष्ठेला समूहाचा निवारा समजतो. ग्रंथालयाच्या फडताळातील जागा हा सातबाऱ्याचा उतारा नव्हे, शिधापत्रिकेवरचा पत्ताही नव्हे.

ज्याचे घर शाबूत आहे, त्यालाच ग्रंथाला घर म्हणणे परवडते. तेव्हा ‘विस्थापन’ ही संज्ञा वापरणाऱ्या समीक्षेने प्रथम हे सांगावे: ती कोणाच्या प्रवासाविषयी बोलत आहे, आणि त्या प्रवासाला निघताना दाराला कुलूप लावले गेले होते, की दारच नव्हते?