बर्फाखालचा किनारा आणि त्याचे धनी

राज्यांच्या सीमा तहाने बदलतात, पण किनारा निसर्गाने एकदा आखून दिला तो दिला, अशीच आपणां सर्वांची शाळेपासूनची समजूत आहे. उत्तर ध्रुवाकडील प्रदेशाने ती खोटी ठरविली आहे. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय पाहणीप्रमाणे, २००० ते २०२० या वीस वर्षांत उत्तर गोलार्धातील समुद्रास मिळणाऱ्या हिमनद्या मागे हटल्या आणि सुमारे २,४६६ किलोमीटर लांबीचा नवा किनारा उघडा पडला. कोकणपट्टीची लांबी दुप्पट केली तरी हा आकडा भरून निघावयाचा नाही. यापैकी दोनतृतीयांश किनारा एकट्या ग्रीनलंडचा आहे. शिवाय अर्ध्या चौरस किलोमीटरहून मोठी अशी ३५ नवी बेटे या काळात बर्फातून मोकळी झाली, किंवा बर्फाने मुख्य भूमीशी जोडलेली होती ती तुटून निराळी झाली.

स्पिट्सबर्गेनच्या काँग्सफियॉर्डमध्ये ब्लोमस्ट्रांडहाल्व्होया नावाची भूमी आहे. नावातील शेवटच्या शब्दाचा नॉर्वेजियन अर्थ 'द्वीपकल्प'. मागील शतकाच्या अखेरच्या दशकात मधली हिमनदी मागे सरली, पाणी आरपार गेले आणि द्वीपकल्पाचे बेट झाले. नाव तेवढे जुनेच राहिले. याच भूमीवर सुमारे शंभर वर्षांपूर्वी अर्नेस्ट मॅन्सफील्ड या इंग्रजाने संगमरवराची खाण काढून तिला 'न्यू लंडन' म्हणविले होते. दगड दिसावयास देखणा होता, परंतु गोठणीने आतून तडकलेला तो संगमरवर ऊब लागताच भुगा होऊ लागला आणि कंपनीचा व्यवहार बुडाला. ध्रुवप्रदेशात संपत्ती शोधावयास निघालेल्यांनी ही हकीकत विसरू नये.

कारण नवा किनारा म्हणजे नवी जमीन, आणि नवी जमीन म्हणजे लाभ, असा हिशेब आता सर्वत्र मांडला जात आहे. हा हिशेब आम्हांस मान्य नाही. हिमनदीने मागे टाकलेला किनारा हा बहुतेक ठिकाणी सैल दगडमातीचा ढीग असतो. त्यास वर्षानुवर्षांच्या गोठणीने सांधलेले नसते. लाटा त्यास सहज पोखरतात. आणि ज्या डोंगरकड्यांना बर्फाचा टेकू होता ते टेकू गेल्याने ढासळतात. १६ सप्टेंबर २०२३ रोजी पूर्व ग्रीनलंडमधील डिक्सन फियॉर्डमध्ये हेच घडले. पायथ्याची हिमनदी पातळ झाल्याने सुमारे अडीच कोटी घनमीटर खडक व बर्फ पाण्यात कोसळला, दोनशे मीटर उंचीची लाट उठली, आणि त्या अरुंद खाडीतले पाणी नऊ दिवस हेलकावत राहिले. हा हेलकावा जगभरच्या भूकंपमापकांवर उमटला व प्रारंभी तज्ज्ञांनाही त्याचा अर्थ लागेना. तेथे त्या वेळी कोणी नव्हते हे सुदैव. पर्यटकांच्या नौका त्याच मार्गाने फिरतात. २०१७ च्या जूनमध्ये मात्र पश्चिम किनाऱ्यावरील नूगाट्सियाक गावाचे असे सुदैव नव्हते. दरड कोसळून उठलेल्या लाटेने तेथे चौघांचा बळी घेतला, अकरा घरे वाहून गेली आणि उरलेल्या गावकऱ्यांना कायमचे गाव सोडावे लागले.

यापुढची गोष्ट अधिक विलक्षण आहे. ग्रीनलंडवरील बर्फाचा डोंगर आपल्या प्रचंड वस्तुमानाने सभोवतीच्या समुद्रास स्वतःकडे ओढून धरतो. बर्फ घटले की ही ओढ सैल होते, आणि ओझे उतरलेली जमीनही वर येते. म्हणून ग्रीनलंडपासून सुमारे दोन हजार किलोमीटरच्या टापूत समुद्र वाढण्याऐवजी उतरतो, आणि तेथून सुटलेले पाणी दूरच्या किनाऱ्यांवर चढते. तेथे जमीन उघडी पडते, इकडे बुडते. गेल्या दोन दशकांत ग्रीनलंडने दरवर्षी सरासरी सुमारे सत्तावीस हजार कोटी टन बर्फ गमावले आहे. त्याचे पाणी कोणाच्या अंगणात जाते याचा विचार ज्यांचे अंगण सखल आहे त्यांनीच करावयाचा काय?

पण राजकारणाची नजर निराळीकडेच आहे. २०२५ साली अमेरिकेच्या अध्यक्षांनी ग्रीनलंड आपल्या ताब्यात हवे असे उघडपणे बोलून दाखविले आणि वृत्तपत्रांची पाने खनिजे व लष्करी तळ यांनी भरून गेली. नूगाट्सियाकच्या गावकऱ्यांविषयी कोणास सवड झाली नाही. कॅनडा व डेन्मार्क यांसारखी मित्रराष्ट्रे जेमतेम सव्वा चौरस किलोमीटरच्या हान्स बेटासाठी जवळजवळ अर्धशतक भांडली, एकमेकांसाठी तेथे मद्याच्या बाटल्या ठेवून भांडली हे खरे, आणि २०२२ मध्ये ते बेट निम्मे निम्मे वाटून घेऊन मोकळी झाली. इतक्या सभ्यपणे मिटणारा वाद पुढेही प्रत्येक वेळी होईल, अशी खात्री आम्ही देऊ शकत नाही.

या प्रश्नात भारत केवळ प्रेक्षक नाही. त्याच काँग्सफियॉर्डच्या काठी, न्यू ऑलेसुंड येथे, २००८ पासून आपले 'हिमाद्री' केंद्र आहे, आणि त्याचा कारभार गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन संस्था पाहते. २०२२ मध्ये सरकारने आर्क्टिक धोरणही जाहीर केले. त्या धोरणात व्यापारी मार्गांच्या व खनिजांच्या आशेस जेवढी जागा मिळते, तेवढीच मागे हटणाऱ्या हिमनद्यांच्या अखंड नोंदीस मिळावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. हिमाद्रीच्या नोंदी इंग्रजी नियतकालिकांपुरत्या न राहता मुंबई, रत्नागिरी व पणजी येथे बंदरे आणि किनारा सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांच्या टेबलावर दर वर्षी पोचाव्यात, आणि त्यांचे मराठी व कोंकणी सार मच्छीमारांच्या सहकारी संस्थांस मिळावे. एवढे करण्यास नव्या कायद्याची गरज नाही. येत्या अंदाजपत्रकात त्यासाठी छोटीशी तरतूद केली तरी पुरे.