इंग्रजीचं नवं सोवळं

'ही डिड नॉट केम' म्हणालं आपलं पोरगं, की एसीतले पांढरपेशे गालात हसतेत. हिशेब बरोबर, फाईल बरोबर. चुकला तो एक 'केम'. पण तेवढ्यावर प्रमोशन अडतं!

का चुकला? मराठी शाळेत पहिलीपासून इंग्रजी आली २००० साली. त्याआधी पाचवीत एबीसीडी. कॉन्व्हेंटवाल्याला ती मांडीवरच मिळाली, त्यात कसली आलीय हुशारी?

संस्कृत बाटेल म्हणून बाबासाहेबांना शाळेत फारसी घ्यावी लागली. त्यांनी १९१३ला कोलंबिया गाठलं अन् इंग्रजीतच जातीची सालं सोलली. सावित्रीबाई तर १८५४च्या 'काव्यफुले'तच इंग्रजी शिका म्हणून गेल्या. तेव्हा इंग्रजी सोडायची नाय. घ्यायचीच.

पण क्लासवाल्यांकडे उच्चार घासायला पैसे घालू नका. इंग्रज 'शेड्यूल' म्हणतो, अमेरिकन 'स्केज्यूल'. त्यांना हसतो का कोण? वाक्य आखूड ठेवा. कळलं नाय तर मीटिंगमध्येच परत विचारा, बेधडक. ठरलं ते त्याच दिवशी मेलवर टाका, म्हणजे साहेबाला उद्या पलटता येत नाय.

आणि साहेबाला फाडफाड इंग्रजी हवीच असेल, तर युनियननं मागावं: क्लास ड्युटीच्या तासात, भरपगारी.